इस्त्रीवाल्या मावशींवरची नोटीस

बदलापूरच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक मावशी इस्त्री करायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. कॉलर अशी कडक करायच्या की मान वळवली तर गळा चिरेल! कपडा हाती आला की आधी खिसे चाचपायच्या. बसचं जुनं तिकीट सापडलं तरी टाचणी लावून परत द्यायच्या.

त्यांचं टेबल माझ्या स्कूटरला आडवं यायचं. सेक्रेटरी म्हणून मी नोटीस लावली, तीही इंग्रजीत. शब्दकोश पालथा घालून गैरसोय करण्याला एक क्रियापद शोधलं, ‘डिसकमोड’. साहेबाच्या सात पिढ्यांनी वापरलं नसेल! इस्त्रीवाली रहिवाशांना डिसकमोड करते, असं ठोकून दिलं. अर्थ कुणालाच कळला नाही आणि कुणी विचारलाही नाही. सगळे गंभीर चेहऱ्यानं मान हलवून गेले. मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो.

मग मावशींनी मला जिन्यापाशी गाठलं. टेबलावर एकही कपडा नव्हता.

“दादा, कपडे कुणीच देईना. मी काय चोरलं म्हणून लिहिलंय त्या कागदात?”

“चोरी कुठली, मावशी! टेबलाची जरा अडचण होते, एवढंच.”

त्यांनी टेबलाची कड धरली. “मग तोंडानं सांगायचं ना. हातभर सरकवलं असतं.”

माझे कान त्यांच्या इस्त्रीपेक्षा तापले. त्या एकट्याच टेबल ओढू लागल्या. मी हात लावायला पुढे झालो.

“राहू द्या, दादा,” त्या म्हणाल्या, “शर्ट चुरगळेल तुमचा.”