प्रफुल्लनं न घेतलेली गाडी

भंडाऱ्याजवळ वरठीच्या स्टील प्लांटमध्ये प्रफुल्ल लांजेवार क्रेन चालवायचा आणि मी, कमलेश, खाली खलाशी होतो. खलाशाचं काम म्हणजे मालाला साखळ्या अडकवायच्या आणि वरच्याला हातानं खुणा करायच्या. उचल, थांब, डावीकडे घे. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. अकरा वर्षं आम्ही असे हातांनीच बोललो. त्याचा हात इतका हलका होता की दहा टनांची प्लेट जमिनीला लागायची आणि धूळसुद्धा उडायची नाही.

त्याला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडं कुणी आतून फोडत असल्यासारखी दुखतात. नुसते वाहक असतात त्यांना सरकारी दवाखान्यातून पिवळं कार्ड मिळतं, आजार असतो त्यांना लाल. प्रफुल्लजवळ लाल कार्ड होतं. त्याची बहीण राखी याच आजारानं एकोणिसाव्या वर्षी गेली. तो पाण्याची मोठी बाटली घेऊनच केबिनमध्ये चढायचा, थंडीत दोन स्वेटर घालायचा, आणि वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर दिसायचा नाही. परत आला की डोळे पिवळे असायचे. मी विचारायचो नाही, तो सांगायचा नाही.

लग्न जमलं नाही. तीन ठिकाणी बोलणी झाली. दिघोरीच्या मुलीकडे तर साखरपुड्याची तारीख निघाली होती, पण मुलीचं कार्ड पिवळं निघालं आणि पुढची मुलं आजारी निघतील म्हणून दोन्ही घरांनी हात जोडले. ती मुलगी प्रफुल्लला आवडली होती. तिच्या वडिलांनी निरोप आणला तेव्हा त्यानं त्यांना स्टेशनपर्यंत सोडून दिलं, तिकीट काढून दिलं. त्यानंतर त्यानं आई रत्नाबाईला सांगितलं, आता कुठं पाहू नको. लग्नासाठी बाजूला टाकलेले पैसे बँकेत तसेच राहिले.

मोटरसायकलचं वेड त्याला होतं, पण ते बाहेर दिसणारं नव्हतं. त्याची स्वतःची गाडी माझ्यासारखीच साधी. एकदा रेल्वे फाटक बंद होतं आणि आमच्या शेजारी एक लाल गाडी येऊन उभी राहिली. इटलीची डुकाटी. चालवणारा भंडाऱ्याचा दातांचा डॉक्टर होता, अश्वजित मेश्राम. मालगाडी जाईपर्यंत दहा मिनिटं प्रफुल्ल त्याच्याशी बोलत राहिला. इंजिन कसं बसवलंय, आवाज असा तुटक का येतो, पुढचा ब्रेक किती ओढला की पकडतो. डॉक्टरनं शेवटी विचारलं, तुम्ही कुठल्या गॅरेजचे? प्रफुल्ल म्हणाला, मी क्रेन चालवतो. डॉक्टरनं हसून नंबर दिला. पुढची चार वर्षं प्रफुल्ल त्याला दर दिवाळीला फोन करायचा आणि गाडीची चौकशी करायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्या डॉक्टरचाच फोन आला. तो कायमचा पुण्याला चालला होता, गाडी विकायची होती. बाहेर जाहिरात टाकायच्या आधी तुम्हाला विचारतोय, म्हणाला. सात लाख. बँकेत जवळपास तेवढेच होते.

मी म्हटलं, "घे."

मी इतक्या पटकन म्हटलं याचं मला आजही नवल वाटतं. पण त्याच्या आयुष्यात कुणीतरी एकदा कशाला तरी हो म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं.

तो म्हणाला, "मले एक गोष्ट सांगायची आहे तुले. माहा पाय उचलत नाही."

वर्षभर तो उजव्या खुब्याचं दुखणं लपवत होता. क्रेनची शिडी चाळीस फूट. सगळ्यांच्या आधी पाळीवर यायचा आणि कुणी नसताना एकेक पायरी चढायचा. घरी आपल्या गाडीवर बसताना आधी ती वाकडी करायचा, मग हातानं पाय धरून पलीकडे टाकायचा. मला वाटत राहिलं होतं की तो हल्ली कामावर लवकर येतो, बरं आहे.

मी सुट्टी टाकून त्याला नागपूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर लावला. खुब्याच्या हाडाला रक्त पोहोचत नव्हतं, ते मरत होतं. उजवं जवळपास गेलेलं, डावं त्याच वाटेवर. ते म्हणाले, खुबा बदलावा लागेल, सरकारी योजनेतून होईल, पैशाची काळजी करू नका, पण फार थांबू नका.

प्रफुल्लनं मोबाइल काढून डॉक्टरला लाल गाडीचा फोटो दाखवला. ऑपरेशननंतर ही चालवता येईल का?

डॉक्टरनं फोटो मोठा करून नीट पाहिला. या गाडीवर पाय मागे आणि गुडघे पार वर घ्यावे लागतात, अंग पुढे वाकवावं लागतं. बदललेला खुबा इतका मुडपला तर निखळतो. "स्कूटर चालवा, कार चालवा," ते म्हणाले. "ही नाही."

"आन् ऑपरेशनच्या आधी?"

डॉक्टरांनी मोबाइल परत दिला. "आधी तुम्हाला मी कोण अडवणार? दुखणंच अडवेल."

परतीच्या बसमध्ये त्यानं मला हिशोब सांगितला. ऑपरेशन फेब्रुवारीपर्यंत लांबवलं तर तीन महिने मिळतात. तीन महिन्यांसाठी गाडी घ्यायची, नंतर विकून टाकायची. काही पैसे बुडतील, बुडू दे. तो हे सगळं खिडकीबाहेर बघत सांगत होता. मी पुन्हा म्हटलं, घे.

रत्नाबाईचा प्रश्न होता. लग्नाच्या पैशाला तिनं तोवर हात लावू दिला नव्हता. प्रफुल्लनं तिला डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ती तेव्हा सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती. बराच वेळ वेचत राहिली. मग म्हणाली, "घे बाबू. राखीनं एक घड्याळ मांगतलं होतं. मी म्हणलं, पुढच्या वर्षी."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तिनं पडवीतली कोंड्याची पोती एकटीनं ओढून मागं नेली होती आणि जागा शेणानं सारवून ठेवली होती. एवढ्या महागाची गाडी बाहेर ठेवता येत नाही, म्हणाली.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो. अश्वजित डॉक्टरनं गाडी धुऊन दारात काढली होती. तो म्हणाला, आधी चालवून पाहा, कितीही लांब जा, मग बोलू. घराच्या ओट्याला लागून गाडी उभी केली. प्रफुल्ल ओट्यावर चढला आणि मी त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून सीटवरून पलीकडे नेला. पाय मागच्या आधारावर ठेवताना त्याच्या मानेवरच्या शिरा वर आल्या. डॉक्टर दुसरीकडे बघू लागला.

तो निघाला. वैनगंगेच्या पुलापर्यंत मी माझ्या गाडीवर त्याच्या मागं होतो. पुलावर त्यानं ती जरा मोकळी सोडली आणि पलीकडच्या कारधा गावाच्या पुढं दिसेनासा झाला. मला फार बरं वाटलं. मी मुद्दाम हळू चालवत राहिलो, त्याला त्याचा वेळ मिळावा म्हणून.

सहा-सात किलोमीटरवर तो रस्त्याच्या कडेला दिसला. लोखंडी कठड्याला गाडी टेकवली होती आणि वर तसाच बसला होता, वाकलेला. मला वाटलं, माझी वाट पाहतोय. जवळ गेलो तर हेल्मेटची काच आतून धुरकटलेली.

"कमलेश," तो म्हणाला, "मले उतरव."

मी गाडी मांडीनं दाबून धरली आणि त्याला काखेत घेऊन खाली ओढला. पाय सरळ होईना. तो रस्त्याकडेच्या गवतावर आडवा झाला. मी पाणी दिलं. धानाच्या कापणीनंतरची रिकामी शेतं होती सगळीकडे, आणि शेजारून ट्रक जात होते. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. मी विचारलं, कशी वाटली?

"समजलंच नाही," तो म्हणाला. "पायाबिगर काहीच नाही समजलं. आवाजबी नाही आला कानात."

मग म्हणाला, "नाही घेत."

मी म्हटलं, घेऊन तर ठेव, पडवीत राहील, मनात आलं की सुरू करून आवाज ऐकशील. तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

"म्हैस आहे का, बांधून ठेवायले?"

परत जाताना माझी साधी गाडी त्यानं चालवली, उजवा पाय खाली लोंबता ठेवून. डुकाटी मी आणली. आता ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी तशी गाडी आधी कधी चालवली नव्हती. मूठ थोडी पिळली आणि ती माझ्या पोटाखालून निघून गेल्यासारखी पळाली. पुलावर वारा अंगावर आला, खाली नदी पसरलेली, आणि तो तुटक आवाज हाडांपर्यंत येत होता. मी हेल्मेटच्या आत हसत होतो. मागं माझा मित्र तीसच्या वेगानं येत होता आणि मी हसत होतो. भंडाऱ्यात शिरायच्या आधी मला ते कळलं आणि मी गाडी कडेला घेऊन थांबलो.

तो मागून आला, शेजारी उभा राहिला. "कशी आहे?"

"काही खास नाही," मी म्हटलं. "आपल्या कामाची नाही. उगाच नाव मोठं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढं काढली.

अश्वजित डॉक्टरला त्यानं एवढंच सांगितलं की जमणार नाही. डॉक्टरनं कारण विचारलं नाही. गाडी पुढं रायपूरच्या कुणीतरी नेली. घरी रत्नाबाई दारात ताट घेऊन उभी होती, हळदकुंकू, नारळ. आम्हाला एकाच साध्या गाडीवर येताना पाहून ती आत गेली आणि ताट ठेवून आली. नंतर तिनं आम्हाला जेवायला वाढलं.

थंडीनं आणि त्या दिवसाच्या ताणानं त्याला दोन दिवसांतच सिकलसेलचा मोठा झटका आला. आठ दिवस तो भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात होता, सलाईनवर. मी त्याला गाडी घे म्हणालो होतो हे रत्नाबाईला माहीत होतं. डबा घेऊन गेलो की म्हणायची, ठेव तिथं.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, ठरल्यासारखं. आता तो काठी घेऊन चालतो. शिडी कायमची बंद. गेटजवळच्या वजनकाट्यावर त्याला बसवलं आहे. ट्रक येतात, तो आकडा बघतो आणि पावती देतो. डावा खुबा पुढच्या वर्षी. क्रेनवर नवा माणूस आहे, चांगला आहे. पण त्याला मला प्रत्येक खूण दोनदा करावी लागते.

जुलैत एकदा चहाच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. मला राहवलं नाही. मी त्याला खरं सांगितलं. गाडी कशी पळाली, पुलावर काय झालं, मी हसत होतो तेही. त्यानं कप खाली ठेवून सगळं ऐकलं.

"एवढे दिवस काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून.

"तवाच सांगतलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "कोणाले तरी समजली, एवढं तरी घेऊन आलो असतो घरी."

काट्यावर ट्रक येऊन हॉर्न देत होता. तो काठीवर भार देऊन उठला आणि गेला. नंतर चार दिवस तो टपरीवर आला नाही. पाचव्या दिवशी आला, शेजारी बसला, आणि यंदा धानाच्या रोवणीला माणसं मिळत नाहीत असं सांगू लागला.