भावमास्तरांचं अर्धं पुस्तक

भावमास्तरांना बाजारात कुणीही फसवावं. किडकी वांगी ते चढ्या भावाने घेऊन येत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आम्हांला भाव कसा ठरतो ते शिकवत.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपास ते रेवसजवळच्या आमच्या शाळेत आले. त्यांनी कुठलंसं अर्थशास्त्राचं पुस्तक अर्धं वाचलं होतं आणि तेवढंही त्यांच्या पोटात मावत नव्हतं. म्हणून आम्हां दुसरीतल्या मुलांना ते गोष्टी सांगत. एका बेटावर दोन माणसं. एकाकडे नारळ, दुसऱ्याकडे मासे. माझ्या शेजारी बसणारी कोळीवाड्यातली हिरा विचारायची, "मास्तर, पन कोयता कोनाकडं हाय?"

"अर्थशास्त्रात कोयता येत नाही. खाली बस."

एका वैशाखात त्यांनी सांगितलं, शंभर जणी एकाच दिवशी माल विकायला धावल्या, तर भाव गिऱ्हाईक ठरवतं. शंभर जणी थांबल्या, तर भाव त्या ठरवतात. हिराने ही गोष्ट घरी आईला सांगितली. झालं! दरवर्षी पावसाआधी एक व्यापारी येऊन कोळीवाड्यातले सुके बोंबील पडत्या भावात उचलायचा. त्या वर्षी हिराच्या आईने, जानकीबाईने, टोपल्यांवर गोणपाट टाकलं. "यंदा इकायचं न्हाय." दोन दिवसांत घरोघर तेच.

व्यापारी शाळेच्या कमिटीवर होता. नाकाला उपरणं लावून मास्तर कोळीवाड्यात धावत आले. "अहो, ती गोष्ट होती! गोष्ट ऐकायची असते, करायची नसते!"

व्यापारी हटेना. इकडे आभाळ भरून येऊ लागलं. माल भिजला असता तर सगळ्या हंगामाची मेहनत मातीत गेली असती. जानकीबाईने विचारलं, "मास्तर, आता म्होरं काय?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढचा भाग मी वाचलेला नाही."

जानकीबाईला तर अक्षरही येत नव्हतं. तिने सगळ्यांचा माल एका शिडाच्या मचव्यात भरला आणि पावसाने समुद्र बंद व्हायच्या आत मुंबईला नेऊन विकला.

मास्तरांनी व्यापाऱ्याला माफीचं पत्र लिहिलं, तरी बदली झालीच. पत्राची बातमी गावभर झाली होती. त्यांना निरोप द्यायला कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण रेवसच्या धक्क्यावर जानकीबाई चार बायका घेऊन उभी होती. मास्तर ट्रंकेवर पाठ फिरवून बसले. बोट लागली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"बाई, शेवटी भाव किती मिळाला?"

"शेट द्यायचा त्याच्या दुप्पट."

मास्तर बोटीच्या फळीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले. मागची माणसं ओरडू लागली.

"म्हणजे," ते म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय ते खरं असतं?"