आधी भिंतीला बोलू दे

कुणाच्याही खोलीत शिरले की काका आधी भिंत वाजवायचे. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून तीनदा टकटक, मग कान लावून गप्प. आपण काही विचारायला गेलो की डावा हात वर. "थांब. आधी तिला बोलू दे."

बाजारात कलिंगड वाजवून घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. काका कलिंगडही तसंच घ्यायचे आणि सूर गावातला फळवाला त्यांना पाहिलं की हात जोडायचा, कारण पाचपन्नास फळं वाजवून झाल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. पण त्यांचा खरा कान सिमेंटसाठी होता. गुहागरकडचे गवंडी. ओमानमध्ये आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली. "भरलेली भिंत टण बोलते, सुटलेली भद्द बोलते," असं ते शिकवायचे. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे.

काका ज्या बांधकाम कंपनीत होते, तिच्यातच मी स्टोअर सांभाळायचो. राहायला कंपनीनं भाड्यानं घेतलेली एक तीन मजली बिल्डिंग होती, सूरमध्येच, समुद्राला लागून. तिला बिल्डिंग म्हणायची पद्धत होती म्हणून म्हणतो. लिफ्ट मी येण्याआधीच बंद पडलेली, तिच्यात आम्ही कांद्याची पोती ठेवायचो. एका मजल्याला दोन संडास आणि त्यातल्या एकाचा पाइप खालच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात गळायचा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून उकळतं पाणी यायचं, म्हणून गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी आम्ही गार म्हणून वापरायचो. आणि डोक्यावर छत. खारी हवा आत शिरून लोखंडी सळ्या गंजल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या आणि फुगलेल्या सळ्या सिमेंटला खाली ढकलत होत्या. सकाळी पांघरूण झटकलं की खडे पडायचे.

खिडकीतून पलीकडे लाकडी गलबतं बांधताना दिसायची. तिथं कारागीर दर दोन फळ्यांच्या फटीत कापूस ठासून बसवायचे, थेंबभर पाणी आत येऊ नये म्हणून. ते बघत मी चहा प्यायचो आणि माझ्या कपात छताची भुकटी पडायची. मी हे आजही रागानंच लिहितोय. माल ठेवायचं गोदाम आमच्या कंपनीनं दोनदा दुरुस्त केलं होतं, माणसं ठेवायचं एकदाही नाही.

दुरुस्ती नव्हती, म्हणून काका होते. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते झाडूचा दांडा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचे. दांड्यानं छत ठोकायचं, ऐकायचं आणि जिथं भद्द आवाज येईल तिथं साइटवरून आणलेल्या निळ्या खडूनं गोल काढायचा. नियम एकच. गोलाखाली खाट नको. त्यामुळे आमच्या खाटा भिंतीला लागून रांगेत नव्हत्या, कुणीतरी पत्ते भिरकावल्यासारख्या कशाही पडलेल्या असायच्या. आमच्याच खोलीत राहणारे, कंपनीची बस चालवणारे हर्णैचे युसूफभाई म्हणायचे, "काका, आणखी दोन गोल काढा, म्हणजे आम्ही उभ्यानं झोपायला मोकळे."

काका शांतपणे म्हणायचे, "उभा ऱ्हा. पण दारात उभा ऱ्हा. तिथं बीम हाय."

मला काका पुढारी म्हणायचे. त्याला कारण होतं. इचलकरंजीत आमच्या घरी यंत्रमाग कामगारांची पत्रकं यायची, मला अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. अन्याय म्हटला की मला अजूनही आधी कोरा कागद दिसतो. मी अर्ज लिहिला. मस्कतच्या मोठ्या ऑफिसला, फोटो जोडून, सगळ्यांच्या सह्या घेऊन. युसूफभाईंनी सही केली. काकांनी दोन आठवडे टाळाटाळ केली. त्यांची भीती मला नीट कळली नव्हती. ते म्हणत, "बिल्डिंग खाली करायला लावतील. माणसं चार ठिकाणी पांगतील. तिथलं छत कोण वाजवून देणार?" शेवटी त्यांनी सही केली, पण पेन परत देताना म्हणाले, "पुढारी, तुझा कागद वर छताला जाऊन चिकटत नाय हां."

कागद लागू पडला. मस्कतहून इंजिनिअर रविवारी येणार असं कळलं. मला मात्र त्याच आठवड्यात इब्रा गावच्या साइटवर सामान मोजून द्यायला जावं लागलं. निघताना मी सगळ्यांना बजावलं, काही हलवू नका, जसं आहे तसं दिसू द्या. काका मान हलवून हो म्हणाले.

रविवारी सकाळी मी परत आलो तर जिन्यातच चुन्याचा वास. आमच्या खोलीचं छत पांढरंशुभ्र. गोल गेले होते. भेगा बुजल्या होत्या. खाटा भिंतीला लागून एका रांगेत आणि प्रत्येक खाटेवर धुतलेली चादर. काका शिडीवरून उतरत होते, भुवयांवर चुना. दोन दिवस त्यांनी एकट्यानं काम केलं होतं. चतुर्थीच्या आधी गावाकडचं घर रंगवतात ना, तसं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

मी काही बोलायच्या आत इंजिनिअर आला. त्यानं दाराबाहेर बूट काढले. वर पाहिलं, मोबाइलमध्ये मी पाठवलेले फोटो उघडून परत वर पाहिलं. "रिपेअर तो हो गया ना?" मी सांगू लागलो, की हे वरवरचं आहे, ठोकून बघा. त्यानं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "हां साब, प्लास्टर मारा है थोडा." आणि त्याला चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवून. "क्लीन कॅम्प," असं म्हणून तो गेला.

मी काकांना विचारलं, का? ते गोंधळून म्हणाले, "परका माणूस घरात येणार होता. तेला ही घाण दाखवायची? आपण कसं ऱ्हातो ते?"

ही चूक आपलीच माणसं करू शकतात, हे आज मला कळतं. पाहुणा येणार म्हणून फाटकी चादर लपवायची, चांगली काढायची, हे आपल्या हाडात आहे. पण तेव्हा मला फक्त पुसलेला पुरावा दिसत होता. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुम्ही आमचे नाहीच. तुम्ही मालकाचे गवंडी आहात."

त्यांनी बोटं लुंगीला पुसली, उगाचच, ती कोरडी होती. युसूफभाई मला म्हणाले, "खलास. बस कर आता."

तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी कामावरून आलो तर काका माझ्या खाटेवर बसलेले. माझी गादी, उशी, पत्र्याची पेटी त्यांच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे गेलेली. "इथं एसीचा वारा लागतो," ते म्हणाले. "माझ्या अंगाला बरा." त्या उकाड्यात एसीखालची जागा म्हणजे मोठीच चैन. मला वाटलं, म्हाताऱ्यानं सूड घेतला. मी तोंड फिरवून झोपलो.

त्या खाटेच्या बरोबर वर सगळ्यात मोठा गोल होता. रंगकामाआधी, खाटा विखुरलेल्या असताना, तिथं कुणी झोपत नव्हतं. रांग लावताना माझी खाट त्याच्याखाली गेली होती. खाटा पुन्हा हलवायच्या तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण सांगायचं तर मी बोललो ते सगळं खरं ठरलं असतं. शिवाय आत सळ्या सुटलेल्या असताना त्यांनी वरून नव्या गिलाव्याचं ओझं चढवलं होतं. ते किती दिवस टिकेल हे आमच्यात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो त्याच्याखाली जाऊन झोपला होता. हे सगळं मी नंतर जुळवलं. नंतर जुळवून काय उपयोग, हे तुम्ही विचारू नका.

शुक्रवारी जेवणानंतर सगळे आडवे झाले होते. मी पाणी प्यायला उठलो आणि पाठीमागे आवाज झाला. मोठा आवाज नव्हता. पोतं टाकल्यासारखा, भद्द.

काकांचा उजवा हात कोपरापासून चिरडला होता आणि कानाच्या वर डोकं फुटलं होतं. युसूफभाईंनी बस दवाखान्याच्या दारापर्यंत नेली. दोन दिवसांनी मला आत सोडलं तेव्हा काकांचं डोकं पट्ट्यांत होतं. मी त्यांच्या डाव्या हाताशी बसलो आणि माफी मागितली. सगळं बोललो, मालकाचे गवंडी म्हणालो त्यासकट, रडलोसुद्धा. ते माझ्याकडे बघत होते. मी थांबल्यावर, इतर पेशंट वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आता फोटो काढ, पुढारी. आता कोण पुसायला नाय."

मला वाटलं, त्यांनी माफ केलं. आवाज मोठा होता तो दुखण्यामुळे, असं मी धरून चाललो.

बिल्डिंग आठ दिवसांत खाली झाली. फोटो पाठवावेच लागले नाहीत. ते म्हणाले होते तसेच आम्ही पांगलो. युसूफभाई सूरमध्येच राहिले, मला मस्कतजवळच्या माबेल्याला पाठवलं. काकांना घरी धाडलं. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्या बसल्या त्यांनी डाव्या हातानं शेजारची भिंत वाजवली आणि कान टेकवला. नुसता रंगवलेला बोर्ड होता तो. आपण हसू असं मला वाटलं. ते हसले नाहीत. बराच वेळ कान तसाच ठेवून बसले.

माबेल्याच्या खोलीत सामान लावून झाल्यावर मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. मुलीनं फोन त्यांच्यासमोर धरला. मागे ओटी, दोरीवर कपडे, रिकामी उजवी बाही. मी खाटेवर चढलो, झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं आणि फोन वर धरला. काकांनी डोळे मिटले, मान कलती केली. मग म्हणाले, "चांगली हाय. झोप निवांत."

मुलगी फोन घेऊन अंगणात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, बाबांना काहीच ऐकू येत नाही. पडलं त्या दिवसापासून. आम्ही वहीत लिहून दाखवतो. तुम्ही दांडा मारताना दिसलात, म्हणून ते तसं म्हणाले. तुम्हाला काळजी नको म्हणून."

म्हणजे पुन्हा भेगांवर चुनाच. आणि दवाखान्यात मी जे सगळं बोललो, त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं.

तिला म्हटलं, वहीत लिहून दाखवशील? ती म्हणाली, सांगा, काय लिहू? पत्रकांवर वाढलेला मी, मला एक ओळ सुचेना. मी वर छताकडे बघितलं. शेवटी म्हणालो, "लिही, की मी परत वाजवून बघितलं. भद्द वाजतंय. खाट हातभर सरकवली."

ती आत गेली. पानं उलटल्याचा आवाज आला. मग दुरून, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं, काकांचा आवाज आला.

"हातभर पुरं नाय. अजून ओढ."

मी फोन खाली ठेवला आणि खाट ओढली.