बंद पडलेल्या विमान कंपनीचा दाखला

तहसील कचेरीत मी बत्तीस वर्षं बाबू होतो आणि त्यातली निम्मी तरी खिडकीतून 'पुरावा आणा' एवढंच म्हणण्यात घालवली. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाकडेही मी तो जिवंत असल्याचा दाखला मागितलाय, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीनं माझ्या पुतणीकडे पुरावा मागितला, तेव्हा घरातले सगळे माझ्याच तोंडाकडे बघायला लागले.

झालं होतं असं. पुतणीला पुण्यात चांगली नोकरी लागली होती, फक्त आधीच्या नोकरीची पडताळणी बाकी होती. आधीची नोकरी म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, एका विमान कंपनीच्या काउंटरवर. ती कंपनी वर्षभरही टिकली नाही. तिच्याकडे विमान एकच. मी तेव्हाच माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे पुतणीच्या बापाला, सांगितलं होतं की आमच्या नाचणगावच्या काळीपिवळीवाल्याकडेही दोन गाड्या आहेत, एकच विमान असलेल्याकडे पोरीला पाठवू नको. कोणी ऐकलं नाही. पुढे कंपनी बुडाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंच वाटलं होतं.

आता अडचण अशी की पडताळणी करणाऱ्या बाईंना इंटरनेटवर सापडलं, कंपनी दिवाळीतच बंद पडली. पुतणीनं तर अर्जात त्यापुढच्या होळीपर्यंत काम केल्याचं लिहिलेलं. म्हणजे एक तर इंटरनेट खोटं, नाहीतर आमची पोरगी. तीन दिवसांत पुरावा द्या, नाहीतर नोकरी विसरा.

"मोठे बाबा, कंपनीच नाई राह्यली त सही कोन देईन?" पुतणी रडकुंडीला आली होती. तिचा पगार कुठल्याशा ठेकेदाराच्या नावानं यायचा, त्यामुळे बँकेचा कागदही कामाचा नव्हता.

"चिंता करू नको. कागद असतेच कुठी ना कुठी," मी म्हणालो. निवृत्त झाल्यापासून इतकी तरतरी मला आली नव्हती.

पहिल्या दिवशी नागपूर गाठलं. कंपनीच्या ऑफिसच्या जागी गाडीच्या सीट कव्हरचं दुकान होतं. दुकानदारानं विचारलं, "कोणती गाडी?" मी म्हणालो, "विमान." त्यानं मला आपादमस्तक पाहिलं आणि बसायला स्टूल दिलं. कंपनीच्या वेबसाइटवर आता केस गळतीवरचं तेल मिळत होतं. माझ्या उपयोगाचं होतं, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या दिवशी मला फ्लेक्स आठवला. आमच्याकडे सणाला चौकात शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. त्यावर शुभेच्छुकांचे फोटो आणि फोटोखाली ज्याचा त्याचा हुद्दा. त्या वर्षीच्या होळीच्या फ्लेक्सवर गावानं मोठ्या कौतुकानं पुतणीलाही घेतलं होतं, कंपनीच्या नावासकट. सण संपला की असे फ्लेक्स गुराढोरांच्या कामी येतात. हा भावाच्या गोठ्यात कुटारावर, म्हणजे गुरांच्या सुक्या चाऱ्यावर, पांघरलेला निघाला. मी तो ओढून काढला, ओल्या फडक्यानं पुसला, साल दिसेल असा फोटो काढला आणि बाईंना पाठवून दिला. भाऊ कुटार उघडं पडलं म्हणून ओरडत राहिला. मी लक्ष दिलं नाही.

तासाभरात बाईंचा फोन आला.

"काका, अर्जात काउंटर असिस्टंट लिहिलंय. या बॅनरवर त्यांच्या फोटोखाली पायलट आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. होतं खरं.

"आणि वर जे विमान छापलंय ना काका, ते लढाऊ विमान आहे."

मी त्यांना समजावलं की त्याच फ्लेक्सवर तीन 'भावी सरपंच' आहेत आणि तिघांपैकी एकही अजून सरपंच झालेला नाही, तेव्हा फ्लेक्सचा मजकूर इतका मनावर घ्यायचा नसतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मग होळीपर्यंत कंपनी होती हे तरी कशावरून खरं मानायचं?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मी हजारदा विचारला असेन.

"फोटो पाठवाले कोनं सांगतलं होतं तुमाले?" पुतणी कडाडली. "आता थे मले चोट्टीच समजन!" मी फ्लेक्सची घडी घालत बसलो. पोरीची नोकरी माझ्या हुशारीनं जाणार, हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. मग तीच म्हणाली, "शेवटच्या दिवशी प्रवाशाईले मी चिठ्ठ्या लिहून देल्त्या. एक सिंदी रेल्वे गावचे कापूसवाले सेठ होते. पाहा जाऊन."

तिसऱ्या दिवशी सकाळीच सिंदीला उतरलो. पहिल्याच टपरीवर विचारलं, "विमान चुकलेले सेठ कुठी राह्यते?" टपरीवाल्यानं पुढे काही न विचारता घरापर्यंत नेऊन सोडलं.

सेठनी कपाटातून चिठ्ठी काढली. चक्क लॅमिनेट केलेली.

"पोराचा साखरपुडा होता हैदराबादले. मी नाई पोचलो," सेठ म्हणाले. "व्याही म्हने, सेठ, बहाने नका सांगू, थे कंपनी त दिवाळीतच बंद झाली, इंटरनेटवर लिहून आहे! म्हून जपून ठेवली. दर दिवाळीले दाखवतो त्याले."

चिठ्ठीवर कंपनीचा गोल शिक्का होता, होळीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती आणि पुतणीचं टपोरं अक्षर: 'विमान रद्द. हे प्रवासी सकाळपासून काउंटरवर हजर होते.' खाली सही आणि वेळ, संध्याकाळचे सहा.

"बाकीचे सारे पयाले," सेठ सांगत होते. "ही एकटी पोरगी उभी. लोकं काय काय बोलले तिले! मीबी बोललो. तरी एकेकाले चिठ्ठी लिहून देऊन राह्यली. मंधात कोनाचातरी फोन आला. नुसती हो, हो म्हने अन् डोये पुसे."

मी चिठ्ठीचा फोटो काढला. पाठवण्याआधी सहीखालची वेळ परत वाचली.

त्या संध्याकाळी कंपनी बुडाल्याची बातमी ऐकून मी पुतणीला फोन केला होता. 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य मी तिला तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी ऐकवलं होतं. ती हो, हो म्हणाली होती. ती नागपुरात खोलीवर बसून ऐकतेय, असंच मी समजून चाललो होतो.

बाईंनी चिठ्ठी मान्य केली. सेठशी फोनवर बोलून खात्रीही करून घेतली. आठवड्यानं पुतणी पुण्याला जायच्या आधी पेढे घेऊन आली. पेढा हातात धरून मी म्हणालो, "त्या दिवशी तू काउंटरवर उभी, अन् मी तुले फोन करून तसं बोललो. चुकलं माह्यं."

"मले आठवते नं, मोठे बाबा," ती म्हणाली. "दिवसभरात घरून तेवढाच एक फोन आला होता."