कूलर नसलेली बैठक

अकोल्यात ऐन मे महिन्यात चालता कूलर घराबाहेर काढणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. स्वप्निल तराळ. वय सदतीस, नोकरी सरकारी, लग्न नाही. मूळचा बार्शीटाकळीचा, पण ते अशा सुरात सांगतो की जणू एसटी तिथे चहापुरती थांबली आणि तेवढ्यात हा जन्मला.

दोन वर्षांपूर्वी त्याने आमच्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पाहून सजवला. भिंती राखाडी. "काका, हा शांत रंग आहे," म्हणे. असेल. स्मशानाच्या कंपाउंडलाही तोच दिलाय. सोफा इतका बुटका की बसणाऱ्याला आपण पडलो असंच वाटावं. कोपऱ्यातल्या मडक्यात वाळक्या काटक्या. कामवाल्या गोदाबाईंनी त्या दोनदा कचऱ्यात टाकल्या आणि दोनदा बोलणी खाल्ली. छताला पिंजऱ्यात कोंडलेले पिवळे बल्ब. त्यांचा उजेड एवढाच, की अंधार नीट दिसावा. बादल्या पलंगाखाली, देव कपाटात. एकट्या माणसाचं घर, हे कबूल. पण तो एकटासुद्धा तिथे राहत असेल असं वाटत नसे.

तिवशाहून मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती. ही सातवी खेप. आधीच्या सहा जणांनी 'कळवतो' म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. या वेळी स्वप्निलने कसर ठेवली नाही. खिडकीतला निळ्या पत्र्याचा कूलर "सगळा लूक घालवतो" म्हणून त्याने शेजारच्या अब्दुल सत्तारांकडे नेऊन ठेवला आणि खिडकीला झिरझिरीत पांढरा पडदा लावला.

"अरे, पंचेचाळीस डिग्री हाये," अब्दुल सत्तार म्हणाले. "भाजून काढतं का पावन्यायले?"

"चाचा, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

अकरा वाजता मंडळी आली. मुलगी आरती, तिची आई पार्बताबाई आणि काका वामनराव. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. वामनराव सोफ्यावर बसले ते थेट गुडघे कानाशी लावून. पंधरा मिनिटांत पार्बताबाईंचा घाम पदराला आवरेना.

"पंखा मोठा करा ना बापू."

"फुल्लच आहे, मावशी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून घुरघुर ऐकू आली. हा आवाज वऱ्हाडी माणूस झोपेतही ओळखतो. पार्बताबाई उठल्या आणि अनवाणीच शेजारच्या दारात. मागून आरती. तिच्या मागून गुडघे सोडवत वामनराव. अब्दुल सत्तारांच्या बायकोने, बिस्मिल्लाबींनी, लगोलग सतरंजी टाकली, पन्हं आणलं. "बैठो माय, इथं गारवा हाये."

राखाडी भिंतींचा मालक धावत आला. "चला ना, किचन पाहायचं राहिलं."

"किचन कुठी पळून जाते?" वामनराव म्हणाले. "कूलर मस्त फेकते बॉ. कोनाचा हाये?"

"चाचांचा," स्वप्निल चटकन म्हणाला. अब्दुल सत्तारांनी मान खाली घातली.

आरती कूलरला खेटून बसली होती. पत्र्यावर पिवळ्या रंगात नाव लिहिलेलं होतं. ते तिने मोठ्याने वाचलं, "सूर्यभान तराळ, बार्शीटाकळी."

मग तिने स्वप्निलकडे पाहिलं.

"हे कोन?"

"बाबा."

"अन् ते कुठी हायेत? का त्यायलेबी शेजारी ठेवून देल्लं?"

"गावाले हायेत. मीच म्हनलं, नका येऊ." त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडून वऱ्हाडी निघाली. "ते तंबाखू मळते. मंग भिंतीले हात लावते..."

आरती उठली. "माय, चाल."

वामनरावांनी पन्हं मात्र शेवटच्या घोटापर्यंत संपवलं. "सोयरीक नाही तं नाही," ते म्हणाले, "पन ते तुमाले सांगून काय फायदा? रीतीनं बापाले सांगा लागते. नंबर द्या."

स्वप्निलने नंबर सांगितला. वामनरावांनी लावला, रिंग जाऊ दिली आणि फोन त्याच्याच हातात ठेवला.

"तुमीच सांगा बापू. आमची तं तुमी वळखच नाही करून देल्ली."

पलीकडून सूर्यभानजी मोठमोठ्याने विचारत होते, "हालो, कोन? जमलं का?"