टीव्ही लागण्याआधीचा क्राइन

सायकल शर्यतीच्या शेवटच्या वळणानंतर क्राइन विसे सगळ्यांच्या पुढे होता, आणि रेषा ओलांडायची सोडून त्याने उजवीकडे अंग काढून घेतलं. मागचा योरिस, त्याच्याच संघाचा म्होरक्या, सुसाट पुढे निघाला आणि थांबावं कसं हे न कळून जिंकून बसला. भोंग्यावर क्राइनच्या नावाचा जयजयकार सुरूही झाला होता; तो मध्येच खोकून बंद पडला.

खरं तर सगळं ठरलेलं होतं. फ्रान्सची मोठी शर्यत उरकली की इकडे गावोगावच्या जत्रांत छोट्या शर्यती होतात, आणि पहिला कोण हे कपडे बदलतानाच ठरतं. लोकांनाही अर्धंमुर्धं ठाऊक असतं. हातात बिअर असली की कोणी खोलात शिरत नाही. क्राइन यंदा शर्यती सोडणार, तेही स्वतःच्या गावात, म्हणून आज पहिला तोच, याला सगळ्यांनी खुशीने माना डोलावल्या होत्या.

पण चर्चच्या भिंतीशी टाय बांधून क्राइनचा बाप उभा होता. मरीनस विसे, शिंपले काढायच्या होडीवर हाडं झिजवलेला माणूस. रविवारच्या शर्यतींचा त्याच्या घरी विषयच नसे, रविवार देवाचा. इतर दिवशी आई टीव्ही लावायची, पण त्यावर शर्यतीचा शेवटचा भागच दाखवत, आणि तोवर क्राइनचं काम बहुतेक आटोपलेलं असे. सकाळभर समोरचा वारा अंगावर घेऊन योरिसला आडोसा द्यायचा, संघाच्या गाडीतून त्या साहेबांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, योरिसचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं. आणि कधी शेवटपर्यंत टिकलाच, तर योरिसला रेषेजवळ नेऊन सोडायचं आणि बाजूला व्हायचं.

"तुझ्या त्या योरिसचा चेहरा मी आता रस्त्यातही ओळखेन," म्हातारा एकदा म्हणाला होता. "तुझं काय दिसतं? नाव. तेही निकालाच्या तळाशी."

म्हणून आज एकदा, फक्त एकदा, बापाच्या डोळ्यांदेखत पहिलं यायचं होतं.

संध्याकाळी योरिस जेवायला आला तो चोरीचा माल परत करायला आल्यासारखा, विजेत्याची फुलं पोटाशी धरून.

"काका, ही फुलं क्राइनची. आमचं ठरलं होतं की..."

क्राइनने टेबलाखालून लाथ घातली.

"काय ठरलं होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जेवायला यायचं ठरलं होतं," आई म्हणाली आणि शिंपल्यांचं पातेलं मध्ये आदळलं.

म्हाताऱ्याने क्राइनकडे मान वळवली. "पुढे तू होतास."

"हो, बाबा."

"मग बाजूला का झालास?"

"सवय. तिथवर न्यायचं आणि वाट द्यायची. पायांनी परस्पर केलं, मला विचारलंच नाही."

"म्हणजे इतकी वर्षं हेच करायचास?"

"हेच."

"कधी बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"काका, मी जे काही जिंकलो ना, त्यात..."

"तू खा. मी त्याच्याशी बोलतोय." म्हातारा पुन्हा क्राइनकडे वळला. "वारा तू खायचास, आणि हा मागे आडोशाला?"

"हो काका," योरिसनेच शिंपल्यात बघत कबूल केलं.

"माझ्या होडीवर असतास तर बंदरातच उतरवला असता तुला," म्हातारा योरिसला म्हणाला. मग त्याने पातेलं ओढून क्राइनच्या ताटात भला मोठा ढीग ओतला. असं तो फक्त होडीवरच्या गड्यांना वाढायचा.

ठरल्याप्रमाणे जिंकलो असतो तर बापाने टाय बांधून एक खोटं पाहिलं असतं, हे क्राइनला शिंपला उघडता उघडता सुचलं. तरी पहिलं यायला आवडलं असतं, हेही तितकंच खरं.

"सोमवारी खाडीच्या बांधावरून सायकलने चक्कर मारू," योरिस म्हणाला. "परतताना वारा समोरून असेल, तो सगळा माझा. काका, बघायला या."

सोमवारी म्हातारा खरोखर बांधावर येऊन उभा राहिला. योरिस छाती काढून पुढे, क्राइन त्याच्या चाकामागे. आणि वारा असा पडलेला, की खाडीत होड्यांची निशाणं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती.

"ही फेरी मोजायची नाही," म्हातारा ओरडला. "यात वारा कुठे खाल्लास तू?"

"पुन्हा येईन, काका!"

मग योरिसचे शर्यतींचे दौरे सुरू झाले, आणि येणं राहूनच गेलं. म्हातारा अजून जोराचा वारा सुटला की क्राइनला विचारतो, "आला का तो?"