सुपातला लॅपटॉप

अक्का लॅपटॉप सुपात ठेवून वापरायच्या. भिंतीला पाठ लावायची, मांडीवर सूप घ्यायचं आणि सुपात लॅपटॉप. सारं आयुष्य त्या सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळण्यात गेलेलं. डोळे थकले तशा विड्या सुटल्या, सूप काही सुटलं नाही. "मांडीवर वजन नसलं की उडून जाईन की काय वाटतंय गं," म्हणायच्या.

सोलापुरात त्यांचं घर आमच्या समोरच. दुपारी असं ऊन पसरायचं की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करायची. पलीकडच्या यंत्रमागांची खटखट झोपेतून आल्यासारखी ऐकू यायची. तेव्हा मी अक्कांकडे जाऊन गार फरशीवर पडायचे. त्या मांजराशी तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत. निम्मं मी स्वप्नातच ऐकलं असेल.

लॅपटॉप लेकीनं पाठवलेला. लेक पद्मा, जर्मनीत नर्स. फोनवर मायलेकींचं लगेच वाजायचं, म्हणून पद्मा लिहायची. इंटरनेटवर स्वतःचं पान केलं होतं तिनं, तेलुगूत. लॅपटॉप उघडला की तेच समोर. अक्का तेलुगू शाळेत शिकलेल्या, एकेक अक्षर चाखत वाचायच्या. मजकूर वाक्याच्या मध्येच तुटायचा, पण अक्कांना त्याचं काही नाही. "लहानपणापासून अशीच. अर्ध्या वेणीनं शाळेला पळायची. लिहिता लिहिता उठली असंल."

"वाचलंस का?" पद्मा फोनवर विचारायची. "वाचलं की." "मग?" "मग काय, छान हाय." पद्मा फोन ठेवून द्यायची. हे सगळं अक्काच मला मराठीत करून सांगायच्या. पुढे पद्माचे फोनच कमी झाले. "लेक रुसली गं. मी काय केलं तेच कळंना." समोरचा चहा निवून जायचा, अक्का दाराकडे बघत बसायच्या. मला त्या पद्माचा असा राग यायचा म्हणून सांगू!

एकदा म्हणाल्या, "हे बघ की. हात लावला की अक्षर फुगतंय. म्हणून मी हातच लावत न्हाय." मी बघितलं. कडेची पट्टी सांगत होती की पान लांबलचक आहे.

"अहो अक्का, खाली अजून केवढं तरी आहे!"

"खाली कुटं? खाली सूप हाय."

मी कामाला लागले. टचपॅड पुसलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं, तेच रडगाणं. घरून माउस आणून चाक फिरवलं तर पान सुरळीत खाली. पण माउस सुपात ठरेना, घरंगळायचा. शेवटी म्हटलं, अक्का, तुम्ही करा बरं. त्यांनी अंगठा आणि बोट पॅडवर टेकवलं आणि हळूच चोळलं. विडी वळत होत्या हो! बोटं जवळ येत, लांब जात, आणि मशीनला वाटे, बाईंना अक्षर मोठं हवंय.

सेटिंगमध्ये जाऊन चिमटीनं मोठं करायची सोय मी बंद केली. "आता दोन बोटं जोडा. लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारता ना, तसं वर सारा."

पान सरकलं. "अय्यो!" अक्का म्हणाल्या. मग एकेक मजकूर उघडून त्या तळापर्यंत जाऊ लागल्या. मला तेलुगू येत नाही, पण प्रत्येकाच्या तळाशी तीच ओळ आहे, एवढं दिसत होतं.

"काय लिहिलंय, अक्का?"

"मला इथं एकटीला करमत न्हाय. अम्मा, येतीस का?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "तोंडानं मागायची लाज वाटली असंल तिला. माझीच लेक की. आणि मी म्हणत होते, छान हाय!"

तिथं सकाळची कामाची वेळ होती. फोन लावलाच. मला एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला, "वस्तानु, वस्तानु." येते, येते. पलीकडून हुंदके. मीही फरशीवर बसून मनसोक्त रडून घेतलं, लपवायचं काय त्यात?

पासपोर्ट झाला, चटण्या बांधल्या आणि अक्का गेल्या. आता त्या फरशीवर दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड आहे. दुपारी आमच्याच घरी पडल्या पडल्या वाटतं, तो बिघाड काढून मीच माझ्या अक्का घालवल्या. कुणी म्हणेल, त्या जाणार हे आधी कळलं असतं तर काढला नसतास का? काढला असता की. पण खरं सांगते, जरा उशिरा काढला असता.